नोकरीबरोबर विमा संपला आणि मागाहून औषधाचे बिल आले, तर

अमेरिकेत ले-ऑफ झाला की पगार कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, हे माणूस त्याच दिवशी विचारून घेतो. आरोग्य विमा कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे मात्र बहुतेकांच्या लक्षात येते ते महिना-दीड महिन्याने, फार्मसीचे बिल हातात पडल्यावर. तपासण्या आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलता येतात. रक्त पातळ ठेवणारी गोळी, इन्सुलिन किंवा संधिवाताचे इंजेक्शन पुढे ढकलता येत नाही, आणि यातली पुष्कळशी औषधे आता तीन-तीन महिन्यांच्या खेपेने टपालाने आपोआप येत असतात. त्यामुळे विमा संपल्यानंतरचा पहिला धक्का बहुधा औषधाच्या बिलाचाच असतो. अशा बिलाला हरकत कशी घ्यावी, ते पुढे सांगितले आहे. ही माहिती मुख्यतः कंपनीकडून मिळणाऱ्या गट विम्यासंबंधी आहे, कारण इथले बहुसंख्य मराठी नोकरदार त्याच विम्यावर असतात. ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचे, म्हणजे मेडिकेअरचे, नियम वेगळे आहेत आणि त्यांत मी शिरलेलो नाही.

न्यू जर्सीतल्या आमच्या परिचयाच्या एका घरातली गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यावरून समजायला सोपे जाईल. नवऱ्याची नोकरी १२ सप्टेंबरला गेली. बायकोला रक्त पातळ ठेवण्याची गोळी कायमची चालू होती आणि तिचा ऑटो-रिफिल, म्हणजे औषध आपोआप पुन्हा भरून पाठवण्याची सोय, लावलेला होता. सप्टेंबरअखेरीस नेहमीप्रमाणे नव्वद दिवसांच्या गोळ्यांचा डबा आला, आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात १,७४६ डॉलरचे बिल आले. एरवी त्याच डब्याचे पाऊणशे डॉलर पडत असत. बिलावर तारीख होती २१ ऑक्टोबर, आणि खाली एकच ओळ होती की सदर दिवशी विमा लागू नव्हता. नोकरी सप्टेंबरात गेली, बिल ऑक्टोबरातले, तेव्हा ते भरावेच लागणार असे दोघांनी धरून चालले होते. मी त्यांना गोळ्यांची बाटली आणायला सांगितली. लेबलच्या उजव्या कोपऱ्यात, डॉक्टरांच्या नावाखाली, बारीक अक्षरांत औषध भरल्याची तारीख छापलेली होती: २४ सप्टेंबर. कंपनीच्या योजनेत विमा नोकरी सुटलेल्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत चालत होता, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत. वाद तिथेच निम्मा संपला. उरलेला निम्मा संपायला पाच आठवडे लागले.

तारखा आधी, रक्कम नंतर

अशा बिलात माणसाचे लक्ष आधी रकमेवर जाते आणि तो फार्मसीला फोन करून ‘एवढे कसे?’ असे विचारतो. त्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण विमा नसलेल्या गिऱ्हाइकाला लावायचा भाव म्हणून ती रक्कम त्यांच्या दृष्टीने बरोबरच असते. विचारायचे ते हे, की औषध ज्या दिवशी भरले गेले त्या दिवशी पैसे कोणी द्यायचे होते. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन चार तारखा लिहून काढाव्यात: नोकरीचा शेवटचा दिवस, विम्याचा शेवटचा दिवस, औषध भरल्याची तारीख आणि बिलाची तारीख. यांपैकी पहिली आणि चौथी तारीख समोर दिसते आणि दिशाभूल करते. निकाल लागतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेवर.

विम्याचा शेवटचा दिवस प्रत्येक कंपनीत सारखा नसतो. काही योजनांत तो नोकरीचा शेवटचा दिवसच असतो, तर बऱ्याच योजनांत त्या महिन्याचा शेवटचा दिवस. एचआरच्या ईमेलवर किंवा विमा कंपनीच्या फोनवर बोलणाऱ्या व्यक्तीवर विसंबू नये. योजनेचे ‘समरी प्लॅन डिस्क्रिप्शन’ नावाचे पुस्तक असते, त्यातले विमा केव्हा संपतो हे सांगणारे प्रकरण काढावे आणि ते वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्यावे. पुस्तक मिळत नसेल तर योजनेच्या प्रशासकाकडे लेखी मागणी करावी. नोकरीतून मिळणाऱ्या योजनांसंबंधीच्या १९७४ च्या एरिसा कायद्याप्रमाणे लेखी मागणीनंतर तीस दिवसांत ते देणे बंधनकारक आहे आणि न दिल्यास न्यायालय दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड करू शकते. दंड प्रत्यक्षात क्वचितच होतो, पण पत्रात त्या नियमाचा उल्लेख असला की पुस्तक लवकर येते, असा अनुभव आहे.

औषध भरल्याची तारीख म्हणजे फार्मसीने क्लेम विम्याकडे पाठवून औषध तयार केले तो दिवस. डबा तुमच्या दारात केव्हा पडला किंवा तुम्ही दुकानातून केव्हा उचलला, याला क्लेमच्या हिशेबात सहसा महत्त्व नसते. ही तारीख बाटलीच्या लेबलवर असते, पिशवीला टाचलेल्या पावतीवर असते आणि फार्मसीच्या ॲपमधल्या इतिहासातही असते. म्हणून वाद मिटेपर्यंत रिकामी बाटलीसुद्धा टाकू नये, आणि लेबलचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

क्लेम फिरवला कोणी?

या बिलांचे दोन प्रकार असतात आणि त्यांचे मार्ग वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात फार्मसीने क्लेम पाठवला तेव्हाच तो नाकारला गेला आणि तरीही औषध पाठवून पूर्ण किंमत लावण्यात आली. दुसऱ्या प्रकारात क्लेम आधी मंजूर झाला, तुम्ही नेहमीचा कोपे, म्हणजे आपल्या वाट्याची ठरावीक रक्कम, भरला, आणि काही आठवड्यांनी तो क्लेम मागे फिरवून उरलेली रक्कम तुमच्या नावावर टाकण्यात आली. वरच्या घरात दुसरा प्रकार घडला होता.

क्लेम फिरतो कसा, हे समजून घेतले तर फोनवर नेमके बोलता येते. कोण विम्यावर आहे आणि कोण नाही, याची यादी कंपनी विमा कंपनीला ठरावीक दिवसांनी पाठवत असते. औषधांचे क्लेम विमा कंपनी बहुधा स्वतः पाहत नाही. ते काम फार्मसी बेनिफिट मॅनेजर, म्हणजे पीबीएम, नावाची मधली कंपनी करते. सीव्हीएस केअरमार्क, एक्सप्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टमआरएक्स या तिघींकडे मिळून देशातल्या औषधांच्या क्लेमांचा बहुतांश भाग आहे. एचआरने यादी उशिरा पाठवली, किंवा यादीत विम्याच्या शेवटच्या तारखेऐवजी नोकरीची शेवटची तारीख टाकली, की पीबीएमच्या संगणकावर विमा मागच्या तारखेने बंद होतो आणि मधल्या दिवसांतले क्लेम फिरतात. यात फार्मसीचा दोष नसतो आणि पीबीएमचाही नसतो. चूक एका रकान्यातल्या तारखेची असते, आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार फक्त एचआरला असतो. आमच्या परिचितांनी दोन आठवडे फार्मसीशी वाद घातला. तो सारा वेळ वाया गेला.

मागच्या तारखेने विमा रद्द करण्यावर परवडणाऱ्या आरोग्य सेवा कायद्याने, म्हणजे ज्याला लोक ओबामाकेअर म्हणतात त्याने, मर्यादा घातली आहे. फसवणूक केली असेल किंवा जाणूनबुजून खोटी माहिती दिली असेल तरच असे रद्द करता येते आणि त्यासाठीही तीस दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. प्रीमियम न भरल्यामुळे विमा बंद झाला, तर ते या मनाईत येत नाही. आणखी एक महत्त्वाचा अपवाद आहे: नोकरी सुटल्यानंतर कर्मचाऱ्याने प्रीमियम भरलेलाच नसेल आणि केवळ कारकुनी दिरंगाईमुळे नाव यादीत राहून गेले असेल, तर नोकरी सुटल्या तारखेपर्यंत मागे जाऊन विमा बंद करणे चालते. म्हणून शेवटच्या दोन पगारांचे पे-स्टब, म्हणजे पगाराच्या पावत्या, हा या वादातला सर्वांत मोलाचा कागद आहे. त्यावर मेडिकलच्या नावाने कपात झाली आहे का, झाली असेल तर ती कोणत्या मुदतीसाठी आहे, हे पाहावे. त्या महिन्याचा प्रीमियम तुमच्या पगारातून कापला गेला असेल, तर ‘त्या महिन्यात विमा नव्हता’ हे म्हणणे कंपनीला फार जड जाते. पे-स्टबचे पोर्टल नोकरी सुटल्यावर बंद होऊ शकते. पीडीएफ वेळेवर उतरवून ठेवावेत.

फोन कोणाला आणि काय विचारावे

पहिला फोन फार्मसीला करावा, पण भांडणासाठी नाही, माहितीसाठी. फार्मासिस्टला क्लेमचा इतिहास पाहायला सांगावा आणि चार गोष्टी विचाराव्यात: क्लेम कोणत्या तारखेला पाठवला, तो तेव्हा मंजूर झाला होता का, नंतर फिरवला गेला का, आणि नाकारताना कोणता रिजेक्ट कोड आला. फार्मसीच्या संगणकावर ६९ हा कोड आला तर त्याचा अर्थ विमा संपल्यानंतर औषध भरले गेले, असा होतो. ६५ आला तर रुग्ण विम्यावर नाही, असा. पहिल्यात तारखेचा वाद असतो. दुसऱ्यात मात्र बऱ्याचदा मेंबर क्रमांक चुकलेला असतो, किंवा पत्नी-मुलांचे नाव यादीतून गळलेले असते, आणि ते तासाभरात दुरुस्त होऊ शकते. त्याच फोनवर ऑटो-रिफिल बंद करायला सांगावा आणि बंद केल्याचा संदेश किंवा ईमेल मागून घ्यावा, नाहीतर हा वाद चालू असतानाच तीन महिन्यांनी दुसरा डबा येईल.

फार्मसीने फोनवर माहिती द्यायला टाळाटाळ केली, तर स्वतःच्या नोंदी लेखी मागाव्यात. वैद्यकीय माहितीसंबंधीच्या हिपा कायद्याप्रमाणे फार्मसीकडील तुमच्या नोंदी पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि साधारणतः तीस दिवसांत त्या द्याव्या लागतात.

दुसरा फोन विमा कार्डाच्या मागे असलेल्या पीबीएमच्या क्रमांकावर करावा आणि एकच विचारावे: तुमच्या नोंदीत विम्याची शेवटची तारीख कोणती आहे? ती तारीख आणि पुस्तकातल्या नियमाने येणारी तारीख वेगळी निघाली, तर तिसरा फोन एचआरला. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, बोलणाऱ्याचे नाव आणि संदर्भ क्रमांक एका वहीत लिहावा. सौजन्याने बोलावे, पण संभाषण संपल्यावर ‘आज आपले असे बोलणे झाले’ असा दोन ओळींचा ईमेल पाठवल्याशिवाय राहू नये. तोंडी आश्वासनाला या व्यवहारात किंमत नाही.

पत्र आणि अपील

फोनने काम झाले तर उत्तमच. न झाल्यास पत्र लिहावे आणि फार्मसीच्या बिलिंग विभागालाही त्याची प्रत द्यावी, म्हणजे निर्णय होईपर्यंत खाते कलेक्शनकडे, म्हणजे थकबाकी वसूल करणाऱ्या एजन्सीकडे, न पाठवण्याची विनंती नोंदीवर येते. पत्र अर्थात इंग्रजीत जाईल, पण त्याचा सांगाडा मराठीत असा सांगता येईल: ‘माझ्या दिनांक अमुकच्या औषधाचा क्लेम आपण विमा संपल्याच्या कारणाने नाकारला आहे. योजनेच्या पुस्तकातील अमुक पानावरील कलमानुसार माझा विमा ३० सप्टेंबरपर्यंत चालू होता. औषध २४ सप्टेंबर रोजी भरले गेले. सप्टेंबरचा प्रीमियम माझ्या पगारातून कापला गेला आहे. नोंदीतील तारीख दुरुस्त करून क्लेमवर पुन्हा प्रक्रिया करावी. हे पत्र माझे औपचारिक अपील समजावे. या निर्णयासाठी वापरलेली सर्व कागदपत्रे मला विनामूल्य पाठवावीत.’ एवढे पुरे. ले-ऑफची व्यथा, मुलांच्या शाळेची फी, वीस वर्षे इमानेइतबारे भरलेला प्रीमियम, हे सारे खरे असले तरी पत्रात घालू नये. वाचणाऱ्याच्या हातात तारखा जुळवण्याचे काम आहे आणि ते त्याला एका पानात करता आले पाहिजे. सोबत लेबलचा फोटो, पे-स्टब आणि पुस्तकातले ते पान जोडावे, आणि पाकीट सर्टिफाइड मेलने पोहोच मागून पाठवावे.

‘हे माझे अपील समजावे’ हे वाक्य शिष्टाचारापुरते नाही. कंपनीच्या गट विम्यात क्लेम नाकारल्याची सूचना मिळाल्यापासून अपिलासाठी किमान १८० दिवस मिळतात, आणि उपचार होऊन गेलेल्या क्लेमचे अपील योजनेने साठ दिवसांत निकाली काढायचे असते. योजनेत अपिलाच्या दोन पायऱ्या असतील तर प्रत्येकी तीस दिवसांत. नुसत्या तक्रारीला ही मुदत लागत नाही, आणि फोनवरची तक्रार अपील म्हणून गणली गेलीच नाही, असे ऐन वेळी ऐकून घ्यावे लागते. अपिलातही नकार आला, तर मागच्या तारखेने विमा रद्द केल्याच्या प्रकरणात त्रयस्थांकडून फेरतपासणी मागता येते आणि त्यासाठी चार महिने मिळतात. मात्र ‘तुम्ही योजनेला पात्रच नव्हता’ एवढ्याच कारणाने नकार असेल, तर केंद्रीय नियमांखालची ही फेरतपासणी सहसा मिळत नाही. म्हणून आपल्या पत्रात वाद पात्रतेचा म्हणून न मांडता विमा मागच्या तारखेने रद्द केल्याचा म्हणून मांडता येत असेल, तर तसाच मांडावा.

कंपनी स्वतःच्या पैशातून क्लेम भागवत असेल, आणि मोठ्या कंपन्या बहुधा तसेच करतात, तर मदतीसाठी केंद्रीय श्रम खात्याच्या एब्सा विभागाकडे जावे. त्यांचा १-८६६-४४४-३२७२ हा क्रमांक निःशुल्क आहे, आणि त्यांचे सल्लागार कंपनीला स्वतः फोन करून विचारतात, हा त्यातला मोठा फायदा. विमा कंपनीकडून विकत घेतलेली योजना असेल तर राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार करता येते. आपली योजना कोणत्या प्रकारातली आहे, हे पुन्हा त्याच पुस्तकात लिहिलेले असते. २०२२ पासून लागू झालेल्या ‘नो सरप्रायझेस’ कायद्याचे नाव अशा वेळी पुष्कळ जण सुचवतात. तो तातडीचे उपचार, विमा कंपनीशी करार नसलेले (जाळ्याबाहेरचे) डॉक्टर आणि हवाई रुग्णवाहिका यांच्यासाठी आहे, विमा संपल्यावर आलेल्या औषधाच्या बिलाला त्याचा उपयोग होत नाही.

औषध खरोखरच विमा संपल्यावर भरले गेले असेल, तर कोब्रा

तारखा जुळवून पाहिल्यावर चूक आपल्याच बाजूला निघाली, तरी लगेच चेकबुक काढू नये. कोब्रा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यात एक खिडकी आहे, आणि ती उघडी असताना ती बंद आहे असे समजून लोक पूर्ण बिल भरून मोकळे होतात.

वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीतून नोकरी गेली, तर तोच गट विमा स्वतःच्या पैशाने साधारणतः अठरा महिने चालू ठेवता येतो. त्याची निवड करण्यासाठी किमान साठ दिवस मिळतात, आणि हे दिवस विमा संपल्याची तारीख किंवा कोब्राची सूचना मिळाल्याची तारीख यांपैकी जी नंतरची असेल तिच्यापासून मोजले जातात. निवड केल्यावर पहिला हप्ता भरायला आणखी पंचेचाळीस दिवस मिळतात. आणि मुख्य मुद्दा असा, की निवड केव्हाही केली तरी विमा मागे जाऊन, तो जिथे तुटला होता त्या दिवसापासून जोडला जातो. म्हणजे ३० सप्टेंबरला विमा संपला, ८ ऑक्टोबरला औषध भरले गेले आणि २० नोव्हेंबरला कोब्रा घेतला, तर ८ ऑक्टोबरचा क्लेम विम्यात बसतो. फार्मसीला क्लेम पुन्हा पाठवायला सांगावा. बरेच दिवस उलटल्यामुळे त्यांच्या संगणकातून तो जात नसेल, तर पीबीएमचा प्रतिपूर्तीचा फॉर्म भरून पावत्या स्वतः पाठवाव्यात. खिडकी उघडी असलेल्या काळात फार्मसीने योजनेकडे विचारणा केली, तर ‘विमा नाही’ एवढेच सांगून चालत नाही. कोब्रा घेतल्यास विमा मागील तारखेपासून लागू होईल, हे पूर्ण उत्तर देणे योजनेवर बंधनकारक आहे.

हिशेब मात्र थंड डोक्याने करावा. कंपनी जो वाटा भरत होती तोही आता तुम्हालाच भरायचा असतो, वर दोन टक्के प्रशासन खर्च. केएफएफ या आरोग्य-धोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या २०२५ च्या सर्वेक्षणात गट विम्याचा सरासरी वार्षिक प्रीमियम एका व्यक्तीसाठी ९,३२५ डॉलर आणि कुटुंबासाठी २६,९९३ डॉलर होता. दोन टक्के धरून महिन्याला अनुक्रमे सुमारे ७९३ आणि २,२९४ डॉलर होतात. मधलाच एखादा महिना उचलून घेता येत नाही. विमा तुटल्या दिवसापासून सलग पैसे भरावे लागतात. तेव्हा १,७४६ डॉलरच्या एका डब्यासाठी कुटुंबाचा कोब्रा घेण्यात अर्थ नाही. पण घरातल्या प्रत्येकाला ही निवड स्वतंत्रपणे करता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. ज्याचे औषध आहे त्या एकट्यासाठी कोब्रा घ्यावा आणि बाकीच्यांसाठी दुसरी सोय पाहावी. संधिवाताच्या किंवा आतड्याच्या विकारावरच्या जैविक इंजेक्शनचे बिल हजारोंत असते. तिथे एका व्यक्तीचे दोन महिन्यांचे हप्ते भरूनही बरेच पैसे वाचतात. शिवाय वर्षभरात भरलेले डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम, कोब्रात तसेच मोजले जाते, नव्या योजनेत ते शून्यापासून सुरू होते.

यात एक खड्डा आहे. एचआरकडून येणाऱ्या कागदांत ‘मला कोब्रा नको’ असे कळवण्याची जागा असते आणि नीटनेटकी माणसे ती प्रामाणिकपणे भरून पाठवतात. एकदा नकार कळवला की साठ दिवसांच्या आत तो मागे घेता येतो खरा, पण मग विमा मागील तारखेपासून देण्याचे बंधन योजनेवर राहत नाही. नकार मागे घेतला त्या दिवसापासूनच विमा मिळतो आणि जुने बिल बाहेर राहते. तेव्हा नक्की ठरलेले नसेल तर तो कागद कोरा ठेवावा. निवडीचे पत्र पाठवल्या दिवशीच निवड झाली असे धरतात, म्हणून टपालाची पावती जपावी. वीसपेक्षा कमी माणसांच्या कंपनीसाठी काही राज्यांचे स्वतंत्र कायदे आहेत, जसा कॅलिफोर्नियात दोन ते एकोणीस कर्मचाऱ्यांसाठी कॅल-कोब्रा. त्यांच्या मुदती वेगळ्या असतात.

जोडीदाराच्या कंपनीच्या विम्यात शिरायचे असेल तर तीस दिवसांच्या आत मागणी करावी लागते, आणि सरकारी मार्केटप्लेसवरून, म्हणजे वैयक्तिक विमा योजनांच्या सरकारी बाजारातून, योजना घ्यायला साठ दिवस मिळतात. एच-१बी वर नोकरी गेल्यानंतर देशात राहायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, ते वेगळे. या दोन साठांचा घोळ करू नये, कारण ते एकाच दिवशी सुरू होतीलच असे नाही. मार्केटप्लेसची योजना साधारणतः पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू होते, तिने मागचे बिल भागत नाही. कमी उत्पन्न असलेल्यांच्या सरकारी विम्याला, म्हणजे मेडिकेडला, पात्र असणाऱ्यांना मात्र बऱ्याच राज्यांत अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांपर्यंतचा खर्च मिळू शकतो. २०२५ च्या कायद्याने ही मुदत २०२७ पासून आखडणार आहे. कामाच्या व्हिसावरच्या प्रौढांना मेडिकेड सहसा मिळत नाही.

पैसे आधीच कापले गेले असतील तर

टपालाने औषध पाठवणाऱ्या फार्मसीकडे कार्ड नोंदवलेले असते आणि पूर्ण किंमत परस्पर कापली जाते. क्रेडिट कार्ड असेल तर स्टेटमेंट पाठवल्यापासून साठ दिवसांच्या आत कार्ड कंपनीच्या बिलिंग चौकशीच्या पत्त्यावर लेखी हरकत पोहोचली पाहिजे. मग तिने तीस दिवसांत पोहोच द्यायची आणि दोन बिलांच्या कालावधीत, उशिरात उशिरा नव्वद दिवसांत, निकाल द्यायचा असतो. ऑटो-रिफिल बंद केल्याचा लेखी पुरावा आणि त्यानंतरची पाठवणी, असे प्रकरण इथे सर्वांत भक्कम ठरते. डेबिट कार्डाला आणि एचएसएच्या, म्हणजे वैद्यकीय खर्चासाठीच्या करमुक्त बचत खात्याच्या, कार्डाला हे संरक्षण नाही. एचएसएत शिल्लक असेल तर ती नोकरी गेल्यावरही तुमचीच असते आणि तिच्यातून औषधाचे पैसे व कोब्राचा हप्ता दोन्ही भरता येतात. एफएसएचे, म्हणजे कंपनीमार्फत वैद्यकीय खर्चासाठी पगारातून पैसे बाजूला ठेवण्याच्या खात्याचे, तसे नाही: नोकरी सुटल्यानंतर केलेला खर्च त्यातून सहसा मिळत नाही, आधीच्या खर्चाच्या पावत्या मात्र ठरावीक मुदतीत देता येतात.

न उघडलेला डबा परत घेतील अशी आशा धरू नये. एकदा हाताबाहेर गेलेले औषध फार्मसी पुन्हा विकू शकत नाही. आणि तो डबा ‘पुरावा’ म्हणून फडताळात ठेवून गोळ्या थांबवू तर मुळीच नये. पुराव्याला लेबल पुरते.

खाते कलेक्शन एजन्सीकडे गेलेच, तर पहिल्या संपर्कानंतर पाच दिवसांत तिने थकबाकीचा तपशील लेखी पाठवायचा असतो. तो मिळाल्यापासून तीस दिवसांच्या मुदतीत लेखी हरकत घेतली, की देणे खरे असल्याचा दाखला पाठवेपर्यंत तिला वसुली थांबवावी लागते. क्रेडिट स्कोअरच्या भीतीने पैसे भरण्याची घाई करू नये. वैद्यकीय देणे कलेक्शनला गेल्यावर पहिले वर्षभर क्रेडिट अहवाल तयार करणाऱ्या तिन्ही मोठ्या कंपन्या ते अहवालात दाखवत नाहीत, ५०० डॉलरच्या आतले मुळीच दाखवत नाहीत आणि फेडलेले काढून टाकतात. हे त्यांनी २०२२ आणि २०२३ मध्ये स्वतःहून लागू केलेले नियम आहेत. सारेच वैद्यकीय देणे अहवालातून काढण्याचा केंद्रीय नियम मात्र जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने रद्द ठरवला.

सारे मार्ग बंद झाले आणि बिल द्यावेच लागणार असे ठरले, तर भावावर बोलावे. विमा नसलेल्याचा छापील भाव आणि सवलतीच्या कार्डावरचा रोख भाव यांत काही वेळा निम्म्याहून अधिक फरक असतो. रोख भाव कमी असेल तर ते सांगण्यापासून फार्मासिस्टला करारांनी रोखता येत नाही, असे कायदे २०१८ मध्ये झाले आहेत. पण विचारल्याशिवाय तो सांगेलच असे नाही. बिलिंग विभागाकडे रोख भावाने पुन्हा आकारणी आणि बिनव्याजी हप्ते मागावेत. ब्रँडेड औषध असेल तर औषध कंपनीच्या साहाय्य योजनेचा अर्ज डॉक्टरांच्या कचेरीतून करावा. कोपे कमी करणाऱ्या, औषध कंपनीच्या कोपे कार्डाला बहुधा खासगी विमा लागतो, साहाय्य योजना विमा नसलेल्यांसाठी असते. ही दोन वेगळी दारे आहेत.

भारतात परतायचे ठरले असेल, तर निघण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. टपालाचा पत्ता इथल्या एखाद्या विश्वासू स्नेह्याकडे वळवावा, कारण अपिलाची मुदत नकाराचे पत्र मिळाल्यापासून मोजली जाते आणि ते पत्र रिकाम्या अपार्टमेंटच्या पेटीत पडून राहू शकते. आणि योजनेचा प्रतिनिधी नेमण्याचा फॉर्म भरून त्या स्नेह्याला अधिकृत करावे. आमचे परिचित डिसेंबरमध्ये पुण्याला परतले, पण त्याआधीच, नोव्हेंबरच्या अखेरीस, एचआरने यादीतली तारीख १२ वरून ३० केल्याचा दोन ओळींचा ईमेल आला होता. फार्मसीचे सुधारलेले बिल मात्र ते गेल्यावर आमच्या घरी आले: पंचाहत्तर डॉलर, आणि तेही आधीच भरलेले, म्हणून शिल्लक शून्य.